रेडिएटरमधली हळद : जुन्या मोटारींच्या गळतीचा इतिहास

१/
नागपूरचा नवतपा. वर्धा रोडच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली जुनी फियाट, रेडिएटरमधून फुसफुसणारी वाफ, आणि जवळच्या किराणा दुकानाकडे निघालेला चालक. त्याला हवी असते हळदीची पुडी. ती रेडिएटरमध्ये ओतायची, वरून पाणी भरायचे आणि पुढच्या गावापर्यंत गाडी न्यायची, हा उपाय आपल्या आजोबांच्या पिढीला पाठ होता. तो खरोखर चालत असे का? चालत असेल, तर का? आणि जी गळती हळदीने थांबे, ती काही दिवसांनी पुन्हा का सुरू होई? मित्रहो, आजचा धागा या तीन प्रश्नांचा आहे.

२/
प्रथम मुळाकडे जाऊ. मोटारीच्या इंजिनात पेट्रोल जळते तेव्हा त्यातल्या ऊर्जेचा लहानसा भागच चाकांपर्यंत पोहोचतो. ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता धुराबरोबर बाहेर जाते आणि जवळपास तेवढीच इंजिनाच्या भिंतींत शिरते. भिंतींतली ही उष्णता सतत काढून घेतली नाही, तर दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकतो आणि इंजिन कायमचे निकामी होते. ही उष्णता वाहून नेण्याचे काम पाण्याकडे आले. त्यामुळे मोटारीच्या जन्मापासूनच पाणी आणि पाण्याची गळती हे दोन्ही प्रश्न तिच्याबरोबर आहेत.

३/
२९ जानेवारी १८८६ रोजी कार्ल बेंझ याने आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. सिलिंडरभोवतीचे पाणी तापे, त्याची वाफ होई आणि ती वाफ उष्णता घेऊन हवेत जाई. नागपूरकरांना हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आणि दारातला माठ याच तत्त्वावर चालतात. कूलरप्रमाणेच या गाडीतही पाणी पुनःपुन्हा भरावे लागे. म्हणजे पहिली मोटार न गळताही पाणी खात होती.

४/
याचा अनुभव सर्वप्रथम एका स्त्रीने घेतला. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ पतीला न सांगता दोन किशोरवयीन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. विजेच्या तारेचे आवरण झिजले, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. आणि पाण्यासाठी तिला वारंवार थांबावे लागले. मोटारीची वाटेतली दुरुस्ती घरगुती वस्तूंनी करण्याची परंपरा मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासाइतकीच जुनी आहे. आपली हळदीची पुडी त्याच परंपरेतली.

५/
पाणी वाया न घालवता तेच ते पुनःपुन्हा थंड करायचे, हा पुढचा टप्पा. डाइमलर कंपनीचा अभियंता विल्हेल्म मायबाख याने १९०० साली तयार झालेल्या पहिल्या मर्सिडीजसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर घडवला. त्यात ६ मिलिमीटर बाजूच्या चौकोनी नळ्या होत्या, एकूण ८,०७०. नळ्यांमधून वारा जाई आणि त्यांच्यामधल्या फटींतून पाणी वाहे. पूर्वी १८ लिटर पाणी लागत असे, तिथे आता ९ लिटरमध्ये भागू लागले. आजच्या प्रत्येक रेडिएटरचा हा पूर्वज.

६/
परंतु या शोधाबरोबर एक नवी अडचण आली. हजारो नळ्या म्हणजे हजारो सांधे, आणि प्रत्येक सांधा झाळलेला. तांबे आणि पितळ यांना कथील व शिशाच्या मिश्रणाने जोडलेले हे सांधे रोज तापत, रोज निवत आणि खडबडीत रस्त्यावर हादरे सोसत. धातू तापला की प्रसरण पावतो, निवला की आकुंचन पावतो. वर्षानुवर्षे हे चालले की कुठेतरी केसाएवढी चीर पडते. रेडिएटरची गळती ही त्याच्या घडणीतूनच आलेली होती.

७/
गळके लोखंड आतून बुजवण्याची कल्पना मात्र मोटारीपेक्षा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या बाष्पकांमध्ये बारीक गळती थांबवण्यासाठी धान्याचा कोंडा टाकला जाई, तर क्षारांचा थर घट्ट बसू नये म्हणून बटाटे टाकत. नागपूरला वाफेचे युग १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेबरोबर आले. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पाणी, वाफ, लोखंड आणि सांधे यांच्याशी रोज झगडणारे कारागीर या शहरात मोटार येण्यापूर्वीच होते.

८/
आता स्वातंत्र्यानंतरच्या भारताकडे येऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याला मोटारी बांधल्या. त्यांची फियाट ११०० ही गाडी पुढे १९७० च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने घराघरांत पोहोचली. तिकडे हिंदुस्तान मोटर्सने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲम्बॅसडर आणली आणि २०१४ पर्यंत तिचे उत्पादन केले. पहिलीचा आराखडा इटलीतील तुरिन येथील, तर दुसरीचा इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेला. दोन्ही गाड्या थंड देशांत जन्मल्या आणि आपल्या उन्हात आयुष्य काढू लागल्या.

९/
यातले गणित सोपे आहे. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो, हे मुख्यतः आतले पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. पाणी ९० अंश आणि हवा १० अंश असेल, तर फरक ८० अंशांचा. हेच नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना फरक राहतो ४५ अंशांचा. म्हणजे तोच रेडिएटर, तेच इंजिन, पण थंड होण्याची क्षमता निम्म्याहून थोडीच अधिक. अशा वेळी अर्धा लिटर पाणी गळाले, तरी काटा लाल रेषेकडे सरकू लागे.

१०/
त्यात नागपूरचे स्थान. उत्तर-दक्षिण जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग ७ आणि पूर्व-पश्चिम जाणारा जुना ६ हे दोन्ही नागपूरला मिळत. आज त्यांचे क्रमांक ४४ आणि ५३ आहेत. कोणत्याही दिशेने निघा, लांब पल्ला, ऊन आणि दोन गावांमधले मोठे अंतर ठरलेले. परवान्यांच्या त्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि सुटे भाग सहज मिळत नसत. त्यामुळे भाग बदलण्यापेक्षा तो कसाबसा चालवत राहण्याची विद्या वाढीस लागली. फुटलेल्या होज पाइपवर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळणे, चिरलेले टोक कापून पाइप पुन्हा बसवणे, आणि रेडिएटरला हळद, ही त्या विद्येची ठळक उदाहरणे.

११/
हळद काम कशी करते? तिच्या भुकटीत पिष्ट आणि तंतू असतात. गरम पाण्यात हे कण फुगतात आणि पाण्याबरोबर फिरू लागतात. जिथे बारीक छिद्र असेल, तिथून पाणी बाहेर झिरपताना कणही तिकडे ओढले जातात. बाहेरच्या हवेत पाणी उडून जाते, कण मागे राहतात, एकमेकांना चिकटतात आणि छिद्रावर खपली धरते. जखमेतले रक्त गोठावे, तसाच हा प्रकार. छिद्र सुईच्या अग्राएवढे असेल तर उपाय लागू पडतो. पाइप फाटला असेल किंवा सांधा उकलला असेल, तर पोतेभर हळदही व्यर्थ.

१२/
हा उपाय अडाणी म्हणून हसण्यावारी नेऊ नये. १९५८ साली अमेरिकेची 'नॉटिलस' ही अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी उत्तर ध्रुवाच्या मोहिमेवर निघाली असताना तिच्या कंडेन्सरमध्ये खाऱ्या पाण्याची गळती सुरू झाली. नेमके ठिकाण सापडेना. तेव्हा सिअ‍ॅटल शहरात खलाशांना साध्या वेशात दुकानांमध्ये पाठवण्यात आले, आणि त्यांनी मोटारीच्या रेडिएटरची गळती बुजवणाऱ्या द्रवाचे शंभराहून अधिक डबे विकत आणले. तो द्रव ओतल्यावर गळती थांबली. ३ ऑगस्ट १९५८ रोजी ती पाणबुडी बर्फाखालून ध्रुवबिंदूवर पोहोचली. तत्त्व आपल्या हळदीचेच.

१३/
मग यात वाईट काय? छिद्र कोणते आणि वाट कोणती, हे हळदीला कळत नाही. उरलेले कण रेडिएटरच्या अरुंद नळ्यांमध्ये साचतात. काही नळ्या बुजल्या की पाण्याचा प्रवाह मंदावतो. प्रवाह मंदावला की इंजिन अधिक तापते. अधिक तापले की दाब वाढतो, आणि वाढलेला दाब दुसरा कमकुवत सांधा शोधतो. मग पुन्हा गळती आणि पुन्हा हळद. गॅरेजच्या भाषेत 'रेडिएटर चोक झाला' असे म्हणतात, तेव्हा त्यामागे पुष्कळदा असा इतिहास असतो. पुढच्या गावापर्यंत नेणारा उपाय वर्षभर चालवला, तर तोच रोग होतो.

१४/
आता तिसरा प्रश्न. मुळात छिद्रे पडत का होती? हादरे आणि तापणे-निवणे ही कारणे आपण पाहिली. तिसरे कारण अधिक खोल होते. आपल्याकडे रेडिएटरमध्ये साधे पाणी भरले जाई, नळाचे, विहिरीचे, नाहीतर वाटेतल्या हापशाचे. जमिनीतल्या पाण्यातले क्षार तापल्यावर आतल्या भिंतींवर थर धरतात, जसा तो बंबात किंवा गिझरमध्ये धरतो. त्याच पाण्यातल्या प्राणवायूमुळे इंजिनाचे बिडाचे लोखंड आतून गंजते. गंजाची माती नळ्यांत बसते आणि गंजलेला पत्रा एके दिवशी झिरपू लागतो.

१५/
यावर जगाला उत्तर मिळाले होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-अदोल्फ वुर्त्झ याने १८५० च्या दशकात एथिलीन ग्लायकॉल तयार केले. थंड देशांत मोटारीचे पाणी गोठून इंजिन फुटू नये म्हणून आधी पाण्यात मद्यार्क मिसळत, पण तो उडून जाई. १९२० च्या दशकात अमेरिकेत ग्लायकॉल या कामासाठी बाजारात आले. त्याला नाव पडले 'अँटिफ्रीझ', म्हणजे गोठणरोधक. इथेच उष्ण देशांची फसगत झाली. नागपुरात पाणी गोठत नाही, मग गोठणरोधकाचे काम काय, असा विचार होणे स्वाभाविक होते.

१६/
प्रत्यक्षात त्या द्रवाची आणखी दोन कामे होती. पाणी आणि ग्लायकॉल निम्मे-निम्मे मिसळले तर मिश्रण सुमारे १०७ अंशांना उकळते. समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवरच्या नागपुरात साधे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळते, हे लक्षात घेतले तर हे आठ अंश किती मोलाचे, ते कळेल. दुसरे काम गंजरोधकाचे. त्यात मिसळलेली रसायने लोखंड, तांबे आणि झाळ यांचे रक्षण करतात. नावात थंडी असली, तरी उन्हाळी प्रदेशालाही त्याची तितकीच गरज होती. 'कूलंट' हे नाव रूढ झाल्यावर हा गैरसमज हळूहळू कमी झाला.

१७/
याच काळात दाबाचे झाकणही सर्वत्र आले. रेडिएटर घट्ट बंद करून आत सुमारे एक वातावरण इतका जादा दाब ठेवला, तर साधे पाणीही जवळपास १२० अंशांपर्यंत उकळत नाही. स्वयंपाकघरातल्या कुकरचे तत्त्व ते हेच. दाब आणि ग्लायकॉल यांचा मेळ दुसऱ्या महायुद्धातील विमानांनी गाजवला. स्पिटफायरचे मर्लिन इंजिन त्यावर चाले. त्याची दुखरी जागाही तीच होती : रेडिएटरला एक गोळी लागली की द्रव वाहून जाई आणि काही मिनिटांत इंजिन बंद पडे. झाकण कुकरचे असल्याने धोकाही कुकरचाच, हे पुढे उपयोगी पडेल.

१८/
हळदीनंतर खरा उपचार होई तो रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडे. तो रेडिएटर उतरवी, तोंडे बंद करी, आत हवा भरी आणि पाण्याच्या हौदात बुडवी. बुडबुडे जिथून येतील तिथे खूण. पंक्चरवाला ट्यूब तपासतो तशीच ही परीक्षा. मग ती जागा घासून स्वच्छ करायची, तापल्या इस्त्रीने कथील-शिशाचा डाग द्यायचा. नागपूरपासून सुमारे ६० किलोमीटरवरचे भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तांबे, पितळ, कथील आणि नवसागर यांचे जे ज्ञान भांड्यांना लागे, तेच रेडिएटरलाही लागे.

१९/
१९७० च्या दशकापासून युरोपात ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि प्लास्टिकच्या टाक्या असलेले रेडिएटर येऊ लागले आणि नंतरच्या दशकांत ते आपल्याकडेही रुळले. ते हलके आणि स्वस्त आहेत. परंतु ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा तत्काळ धरतो, त्यावर साधी झाळ बसत नाही, आणि तडकलेले प्लास्टिक तर झाळताच येत नाही. आता गळका रेडिएटर बहुधा बदलला जातो. ज्यांच्या घरी अजून पितळी रेडिएटरची जुनी गाडी आहे, त्यांच्याकडे दुरुस्त होऊ शकणारी एक वस्तू आहे, हे विसरू नये.

२०/
अशी गाडी घरी असेल तर या इतिहासातून काय घ्यावे? पहिला नियम झाकणाचा. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय ते उघडू नये, कारण दाब सुटताच उकळते पाणी चेहऱ्यावर येते. वरचा होज पाइप हाताने निर्धास्त धरता येईपर्यंत थांबावे. दुसरा नियम : तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. बीड एकदम आकुंचन पावते आणि तडकते. तिसरा नियम : कूलंट चवीला गोडसर पण विषारी असते. सांडलेले लगेच धुवावे, मुले आणि जनावरे त्यापासून दूर ठेवावीत, आणि काढलेला द्रव नालीत सोडू नये.

२१/
मग गळतीचा शोध. रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा ठेवावा. सकाळी डाग कुठे पडला, त्यावरून वरची जागा कळते. पांढरा, हिरवट किंवा गंजाच्या रंगाचा सुकलेला ओघळ माग दाखवतो. होज पाइप दाबून पाहावेत : फुगलेला, लिबलिबीत किंवा तडे गेलेला पाइप बदलावा, क्लिपा आवळाव्यात. झाकणाचे रबर तपासावे. पाण्याच्या पंपाखाली एक बारीक भोक असते. तिथून थेंब येत असतील, तर पंपाचे सील गेले. इंजिनाच्या कडेला पत्र्याच्या गोल चकत्या दिसतात. ओतकामाच्या वेळी आतली वाळू काढण्यासाठी ठेवलेली भोके त्यांनी बंद केलेली असतात. साध्या पाण्याने त्याच आधी गंजतात.

२२/
पाइप, क्लिप आणि झाकण ही कामे घरी होतात. नंतर खालची तोटी उघडून जुना द्रव एखाद्या भांड्यात काढावा, स्वच्छ पाणी येईपर्यंत आतून धुवावे, आणि डिस्टिल्ड पाणी व कूलंट यांचे मिश्रण भरावे. जुन्या पितळी रेडिएटरसाठी कूलंट घेताना रंगावर विसंबू नये. ते तांबे, पितळ आणि शिशाच्या झाळेला चालते, असे डब्यावर लिहिलेले पाहावे. तेलाच्या झाकणाखाली ताकासारखा थर दिसला किंवा धूर पांढरा, दाट येत राहिला, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा. तिथे घरगुती उपाय थांबतात आणि गाडी न चालवता कारागिराला बोलवावे लागते.

२३/
२९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा पूर्ण करून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सेवेतून गेली. खासगी मालकांकडे अशा गाड्या अजून आहेत. त्यांच्या रेडिएटरच्या तळाशी कधी पिवळसर गाळ सापडला, तर तो टंचाईच्या काळातला आहे, हे आता आपल्याला ठाऊक आहे. त्या चालकाने हळद टाकली, कारण त्याला उन्हातून कुटुंबाला घरी पोहोचवायचे होते आणि हाती तेवढेच होते. आपल्या हाती आता कूलंट आहे, नवे पाइप आहेत आणि कारणही माहीत आहे. म्हणून गाळ धुऊन काढावा आणि छिद्र का पडले, ते शोधावे.

तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना रेडिएटरचा असा एखादा उपाय आठवतो का? त्यांना विचारा आणि खाली अवश्य लिहा. धागा समाप्त.